तीन मिलिमीटर जास्तीचा उजेड

मी दुर्बिणी विकते. न्यू जर्सीच्या वायव्येला, जिथून डोंगर सुरू होतात, तिथल्या एका दुकानात गेली सात वर्षं काउंटरमागे उभी आहे. अमेरिकेत आले ती प्रकाशशास्त्र शिकायला. शिकत असताना एकदा गाडी बंद पडली, ती दुरुस्त होईपर्यंत वेळ काढायला म्हणून ह्या दुकानात शिरले. मालक वॉल्ट तेव्हाही सत्तरीचाच दिसायचा. त्याने काही न विचारता माझ्या हातात एक दुर्बीण दिली आणि खिडकीबाहेरच्या कुंपणावरची चिमणी बघायला सांगितलं. साधी चिमणी. तिच्या डोळ्यात आकाशाचा एक पांढरा ठिपका होता, आणि ती डोकं वळवायची तसा तो ठिपका डोळ्यात सरकायचा. मी सहा वर्षं प्रकाशाची समीकरणं सोडवली होती. प्रकाश बघितला तो त्या दिवशी. पदवी घेतली, प्रयोगशाळेतली नोकरी नाकारली आणि वॉल्टकडे कामाला लागले. आईने फोनवर विचारलं, "म्हणजे आता तू दुकानात बसणार?" मी म्हटलं, "बसणार नाही, उभी राहणार."

आमचं घर इचलकरंजीचं. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत. घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. जेवणाआधी शंभर पत्रकांच्या घड्या घालायच्या, मग ताट. बाबांचा नियम होता की पत्रकात 'कदाचित' हा शब्द येता कामा नये. ज्याला खात्री नाही त्याने छापू नये. हा नियम मला आजही आवडतो. त्याने माझ्या हातून काय घडवलं तेच इथे लिहायचं आहे.

आधी धंद्याची थोडी ओळख. प्रत्येक दुर्बिणीवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ८×३२. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट जवळ दिसतो. दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. आला चार. दुर्बीण डोळ्यापासून हातभर लांब धरून उजेडाकडे रोखली की मागच्या काचेत बरोबर चार मिलिमीटरची उजेडाची टिकली तरंगताना दिसते. सगळं जग त्या टिकलीतून डोळ्यात शिरतं. मी हे गिऱ्हाइकांना हजारदा दाखवलं असेल, आणि दर वेळी माझं मलाच नवल वाटतं. एवढा डोंगर, एवढं आभाळ, आणि येण्याचा रस्ता मसुराच्या डाळीएवढा.

पक्षी बघणारा दिवसा चालतो, मान वर करून तासन् तास बघतो. त्याला हलकी दुर्बीण हवी आणि फोकसचं चाक झरझर फिरणारं हवं. कारण पक्षी आत्ता झुडपात असतो आणि पुढच्या क्षणी डोंगरापलीकडे. शिकारी एका जागी बसतो. हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात. तेव्हा डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणून त्याला उजेडाची टिकलीही सातची हवी. त्यासाठी ८×५६. पुढची भिंगं चहाच्या छोट्या कपाच्या तोंडाएवढी, वजन किलोच्या वर. दुरुस्तीला आलेली दुर्बीण कुणाची हे मी डोळे मिटून सांगते. चाक झिजून गुळगुळीत आणि खाचांत बिस्किटाचा चुरा असेल तर पक्षीवाला. चाक नव्यासारखं, पण अंगावर झाडाच्या सालीचे ओरखडे, रबराखाली एखादा राठ तपकिरी केस असेल तर शिकारी.

वॉल्टची विकण्याची एक पद्धत आहे. गिऱ्हाइकाला दुर्बीण डोळ्याला लावायला सांगायची आणि आपण हवापाण्याच्या गप्पा सुरू करायच्या. दोन मिनिटांनी हात खाली यायला लागतात. "हं," वॉल्ट म्हणतो, "हे खरं वजन. कागदावरचं विसरा." आपल्या लोकांना मात्र कागदावरचंच हवं असतं. सांता क्लारामधल्या एका इंजिनीअरने मला व्हिडिओ कॉलवर एकामागून एक अकरा दुर्बिणी काट्यावर ठेवायला लावल्या. "सासऱ्यांना न्यायचीय हो. बॅगेत सहाशे वीस ग्रॅमच शिल्लक आहेत. कव्हर धरून सांगताय ना? कव्हर धरून सांगा!" शेवटी त्यांनी घेतली ती कव्हर न घेता, आणि दुर्बीण सासऱ्यांच्या बनियनमध्ये गुंडाळून नेली.

माझीही एक पद्धत होती. दुकानात उजव्या भिंतीला पक्षीवाल्यांच्या दुर्बिणी आणि डाव्या भिंतीला शिकाऱ्यांच्या. डाव्या भिंतीशी मी उभी राहायची नाही. हे मी पहिल्याच दिवशी वॉल्टला सांगितलं. तो म्हणाला, "ठीक. पण लाइट बिल दोन्ही भिंतींचं एकच येतं." तरी त्याने माझं ऐकलं. मी एवढ्यावर थांबले नाही. हरणांच्या बाजूने एक पत्रक इंग्रजीत लिहिलं आणि डाव्या भिंतीवरून जाणाऱ्या प्रत्येक खोक्यात हळूच घालायला लागले. वॉल्टला माहीत होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

दुसरं पत्रक मराठीत. गुढीपाडव्याला एडिसन गावात मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, तिथे मी टेबल मांडलं. आपल्या काकामंडळींकडे हमखास भल्यामोठ्या दुर्बिणी असतात. घ्यायचीच तर मोठी घ्यावी, एवढाच त्यामागचा विचार. त्या गळ्यात अडकवून ते दोन तास फिरतात आणि आठवडाभर मान धरून बसतात. मी लिहिलं: "मान मोडू नका! जड दुर्बीण ही शिकाऱ्याची गरज आहे, आपली नव्हे. साठीनंतर डोळ्याची बाहुली चार मिलिमीटरच्या वर फारशी उघडत नाही. सात मिलिमीटरचा उजेड घेऊन करायचंय काय? वरचे तीन मिलिमीटर फुकट! जड आणा, हलकी न्या!" एकही 'कदाचित' नव्हता. आकडे बरोबर होते. अजूनही बरोबर आहेत.

मे महिन्यात पार्सिपनीहून मनोहरकाका आणि शैलाकाकू आले. काका मूळचे नागपूरचे, इथे तीस-पस्तीस वर्षं सर्जन होते. आता निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर. बारीक, ताठ, मोजकं बोलणारे. गळ्यात जुनी ८×५६. काकूंच्या हातात माझं पत्रक, घडी घातलेलं.

"ही बघ," काकू म्हणाल्या, "ही घंटा गळ्यात बांधून हिंडतात. मानेला बाम कोण चोळतं? मी!"

मी सुरू झाले. टिकली दाखवली, भागाकार केला, बाहुलीचं सांगितलं. ८×३२ त्यांच्या हातात दिली. साडेचारशे ग्रॅम. त्यांनी ती खिडकीकडे धरली आणि लगेच खाली घेतली.

"स्टेडी राहते का ही?" त्यांनी विचारलं.

"अहो काका, हलकी आहे. हात दमणारच नाहीत, मग हलेल कशी?"

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. आयुष्यभर ऑपरेशनच्या टेबलाशी आपापलं काम जाणणाऱ्यांवर विश्वास ठेवलेला माणूस तो. "बरं," म्हणाले, "तुझा विषय आहे." जुनी दुर्बीण गळ्यातून काढून काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर थोडा वेळ तळवा ठेवला. ते मी पाहिलं आणि मनात म्हटलं, वस्तूंचा मोह सुटत नाही माणसांना. किती शहाणी होते मी!

जूनमध्ये वॉल्टने ती जुनी दुर्बीण डाव्या भिंतीवरून विकली.

सप्टेंबरच्या मध्याला काकू एकट्या आल्या. काउंटरवर ८×३२चा खोका ठेवला. "ही बिघडलीय. काका म्हणतात, आत काळं येतं."

मी ती टेबलावर तपासली. दोन्ही नळ्या एकाच बिंदूवर रोखलेल्या, काच स्वच्छ, काही दोष नाही. तसं सांगितलं.

"मग दोष कुणात आहे?" काकूंनी विचारलं. मग स्टुलावर बसल्या आणि हळू आवाजात बोलल्या. "बारा वर्षं झाली, सप्टेंबर आला की ते डोंगरावर हॉक्स बघायला जातात. ह्या वर्षी एकदा गेले आणि तासाभरात परत आले. म्हणाले, आता माझं बघून झालं. पेपर उघडून बसतात गं, पान उलटत नाहीत." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "त्यांचे हात थरथरतात. म्हणून तर ऑपरेशन्स सोडली. कुणी बोललं नव्हतं, कुणाला कळलंही नव्हतं. एका सकाळी स्वतःच फोन करून सांगितलं, आजपासून मी करणार नाही. तेव्हापासून तो विषय घरात निघत नाही."

'स्टेडी राहते का ही?' माणसाने विचारलं होतं. त्याला जेवढं विचारता येत होतं तेवढं विचारलं होतं.

"काकू, स्टँडवर लावून..."

"सुचवलं मी. म्हणाले, मला सलाइन लावतेस का?"

"बॅटरीवरची मिळते. थरथर आपोआप पुसून टाकते."

"मग तुझ्या दुकानात त्यांनी तीच का नाही मागितली?" काकूंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "मागायची तर कारण सांगावं लागलं असतं."

त्या जुन्या जड दुर्बिणीने त्यांना बारा वर्षं काही सांगावं लागू दिलं नव्हतं. ती मी काढून घेतली होती, तीही भागाकार करून.

वॉल्ट मागे सगळं ऐकत असावा. भाषा कळत नसली तरी माझं तोंड त्याला कळतं. मी सांगितल्यावर त्याने विक्रीची वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि फोन माझ्याकडे सरकवला. "डार्लीन. स्कूलबस चालवते, धनुष्यबाणाने शिकार करते. तू बोलायचंस."

घाई होती. ब्रॉड-विंग्ड हॉक हा शिकारी पक्षी, आपल्या शिक्र्याहून बराच मोठा, सप्टेंबरात हजारोंनी आमच्या डोंगरावरून दक्षिण अमेरिकेकडे जातो. त्याचा मोठा लोंढा जातो तो थोड्याच दिवसांत. उत्तरेचा वारा सुटला की निघतात आणि मग आभाळ रिकामं. वारा आदल्याच दिवशी फिरला होता.

फोनवर मी नाव सांगितलं तशी डार्लीन हसली. "हरणांचं पत्रक लिहिणारी तूच का? माझ्या फ्रिजवर लावलंय. आत हरिण, बाहेर तुझं पत्रक."

मी सगळं सांगितलं. दुर्बीण परत विकाल का, विचारलं.

"नाही. माझा हंगाम शनिवारी सुरू होतोय. मला ती लागते." मग तिनेच विचारलं, "हात थरथरतात म्हणालीस? किती वाजता उडतात हे पक्षी?"

"ऊन तापल्यावर. अकरा ते दोन."

"सकाळची फेरी संपते साडेनऊला, दुपारची दीडला सुरू होते. उद्या येते. दुर्बीण मी उसनी देत नाही, पण स्वतः घेऊन येऊ शकते."

डोंगरमाथ्यावर एक सपाट खडक आहे. दुसऱ्या दिवशी काकू काकांना तिथे घेऊन आल्या, थर्मास आणि चकल्यांसकट. काका चिडलेले. "मला घरी काम होतं," असं दोनदा म्हणाले. मला बघून फक्त मान हलवली. इतक्यात डार्लीन पायवाटेने वर आली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, अंगात बसचालकाचं पिवळं जाकीट. तिच्या छातीवर ती दुर्बीण होती. काकांनी ती लगेच ओळखली आणि नजर दुसरीकडे वळवली.

मी माफीचं भाषण तयार करून आणलं होतं. डार्लीनने ते करू दिलं नाही. ती सरळ काकांसमोर उकिडवी बसली. "डॉक्टर, मी नोव्हेंबरात झाडावर फळी बांधून चार-चार तास बसते. गारठ्याने हात असे उडतात." तिने हात हलवून दाखवले. "लहान दुर्बिणीत मला काळं दिसतं. कडेने काळं येतं, जातं, येतं. हिच्यात येत नाही. का ते मला माहीत नाही. माझ्या बापानेही मोठीच वापरली."

का ते मला माहीत होतं. त्या क्षणी, तिथे उभ्या उभ्या कळलं. हात थरथरला की टिकली डोळ्यासमोरून सरकते. टिकली चारची असेल तर उन्हात बारीक झालेल्या बाहुलीलाही हिंडायला फारशी जागा नसते; हात जास्त हलला की बाहुली उजेडाबाहेर, म्हणजे काळं. टिकली सातची असेल तर बाहुलीला दोन्ही बाजूंना आणखी दीड-दीड मिलिमीटर जागा मिळते. हात हलतो, पण डोळा उजेडातच राहतो. वर त्या जड काचेला हलवायला थरथरीला जोर पुरत नाही. मी ज्यांना 'फुकट' म्हणून छापलं होतं ते तीन मिलिमीटर म्हणजे ह्या माणसाची सगळी बघण्याची सोय होती. प्रकाशशास्त्राची पदवी माझ्याकडे होती. गारठा डार्लीनकडे होता.

तिने आपली पाठपिशवी खडकाला टेकवली, काकांना तिच्यावर रेलून बसायला लावलं, गुडघे वर, कोपरं छातीशी. "आता बोटांनी टोपीची कड आणि दुर्बीण एकत्र धरा. हां. ती तुमच्या डोक्याचाच भाग आहे असं समजा."

"मला समजतं," काका तुटकपणे म्हणाले.

आभाळात काही नव्हतं. दहा मिनिटं काही नव्हतं. काकू चकलीचा डबा उघडून बंद करत होत्या. मग समोरच्या कड्यावर, फार उंच, मिरपूड सांडावी तसं काहीतरी दिसलं. मी माझी दुर्बीण लावली आणि मिरपुडीला पंख फुटले. दोनशे असतील, तीनशे असतील. तापलेल्या हवेचा अदृश्य खांब वर चढत होता आणि त्याच्याभोवती ते सगळे फिरत होते, कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून, एकमेकांच्या वर, खाली, आरपार, आणि कुणी कुणाला लागत नव्हतं. इथले पक्षीवाले ह्याला केटल म्हणतात, उकळत्या पाण्यासारखं दिसतं म्हणून. मला ते बरोबर वाटत नाही. उकळण्यात गोंगाट असतो. इथे एकही पंख हलत नव्हता. हजारो मैलांचा प्रवास निघाला होता आणि कष्टाची खूण कुठे नव्हती.

मी सात वर्षं हे बघते आहे. दर वर्षी वाटतं, ह्याच्याविरुद्ध किंवा ह्याच्या बाजूने काही लिहिताच येत नाही. फक्त गप्प राहता येतं.

काका बोलायला लागले. आवाज एकदम वेगळा, खालच्या पट्टीतला, नेमका. मला वाटतं, ऑपरेशनच्या खोलीत हाच असेल. "शेपटीवर एक रुंद पांढरा पट्टा. पंखाची कड काळी, आतून उजेड येतोय. पूर्ण वाढलेला. त्याच्या खालचा लहान आहे, पट्टे बारीक. डाव्या पंखाचं एक पीस तुटलंय त्याचं. सातवं. तरी चढतोय. चढतोय बरं का." शेकडोंतून एका पक्ष्याचं एक तुटकं पीस! मी काकूंकडे बघितलं. त्या आभाळाकडे बघतच नव्हत्या. त्या काकांच्या बोटांकडे बघत होत्या.

खांबाच्या टोकाला पोचलेले पक्षी एकेक करून दक्षिणेकडे घरंगळायला लागले. दोरा सुटावा तशी एक सरळ रांग, आमच्या डोक्यावरून, आवाज न करता.

एक गोष्ट इथे ठणकावून लिहिते. डार्लीनने माझं मत बदललं नाही. हरणाला बाण मारणं मला आजही मान्य नाही, ते मी तिला त्याच खडकावर सांगितलं आणि ती म्हणाली, "माहीत आहे, वाचलंय." पण डाव्या भिंतीशी मी आता उभी राहते, कारण तिथली माणसं काचेबद्दल जे जाणतात ते मला हवं आहे. मराठी पत्रकाच्या उरलेल्या प्रती मी फाडल्या. ज्यांनी त्यावरून हलक्या दुर्बिणी नेल्या त्या प्रत्येक घरी फोन केला. आठ जण होते. पुढे ऑक्टोबरात काकांना तसलीच दुसरी जुनी ८×५६ मिळाली, पण तोवर हे पक्षी केव्हाच निघून गेले होते. त्या वर्षीचे ब्रॉड-विंग्ड त्यांना दिसले ते एवढेच, एका दुपारी, दोन बसफेऱ्यांच्या मध्ये.

एक वाजायला आला तेव्हा काकांनी दुर्बीण खाली घेतली. मला हाक मारली. मी जवळ गेले. त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर पसरले, सगळ्यांना दिसतील असे. बोटं थरथरत होती.

"बघ," ते म्हणाले. "माझे हात थरथरतात. मे महिन्यात मी हे तुला सांगायला हवं होतं. आणि तू विचारायला हवं होतंस."

"हो काका," मी म्हटलं. माझं तयार केलेलं भाषण ह्याहून फार लांब होतं.

"झालं सांगून?" काकू म्हणाल्या. "मग आता वर बघा. तिकडे दुसरा थवा उठतोय, आणि तिला बस गाठायचीय."

डार्लीनला शब्द कळले नव्हते, पण तिने घड्याळ बघितलं आणि काकांना चार बोटं दाखवली. अजून चार मिनिटं.

काकांनी दुर्बीण उचलली आणि चारही मिनिटं वापरली.